‘पंप गेलाय’ म्हणण्याआधी

पेट्रोल गाडीची किल्ली अर्धी फिरवा, डॅशबोर्डवरचे दिवे लागू द्या, पण सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येईल आणि थांबेल. तो टाकीतला इंधन-पंप. तेवढ्या वेळात त्यानं नळीत तीन ते चार बार दाब भरून ठेवलेला असतो. टायरात आपण जी हवा भरतो, तिच्या साधारण दीडपट. सेल्फ मारल्यावर इंजिन लगेच सुरू होतं ते या दाबामुळे.

बडोद्याच्या समा भागात, न्यू समा रोडपासून समा-सावली रस्त्यापर्यंत, गॅरेजांना तोटा नाही, आणि ‘पंप गेलाय, बदलावा लागेल’ हे निदान तिथं मराठी, गुजराती, हिंदी अशा तिन्ही भाषांत ऐकायला मिळतं. कधी ते खरं असतं. पण अनेकदा दोष पंपाला मिळणाऱ्या विजेत, त्याच्या तोंडावरच्या जाळीत किंवा टाकीतल्या पाण्यात असतो. मग काही हजार रुपयांचा नवा पंप बसतो आणि थोड्या महिन्यांत तोही त्याच वाटेनं जातो. हा खर्च टाळायचा असेल तर ही मोटर कशी चालते आणि गेल्या काही दशकांत ती कशाकशासाठी सुधारली गेली, हे ठाऊक हवं. प्रत्येक सुधारणा एकेका विशिष्ट त्रासावरचा इलाज होता, आणि ते त्रास आजही तेच आहेत.

पहिला त्रास उन्हाचा. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात पंप इंजिनाच्या अंगालाच चिकटलेला असायचा. कॅमच्या धक्क्यानं त्यातला रबरी पडदा वर-खाली व्हायचा आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घ्यायचा. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात, आणि ओढलेल्या, म्हणजे कमी दाबाच्या नळीत तर त्याहीआधी. मे महिन्यात नळीत वाफ साचली की पडदा नुसती वाफच हलवत बसे आणि गाडी घाटात किंवा फाटकाशी बंद पडे. मग पंपावर ओलं फडकं गुंडाळून वाट पाहायची. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना हे फडकं नक्की आठवत असेल. इलाज म्हणून ते अगदी शास्त्रशुद्ध होतं.

फ्युएल इंजेक्शन आलं तसा पंप विजेवर गेला. जर्मनीत बॉशनं १९६७ मध्ये फोक्सवॅगनसाठी आणलेल्या इंजेक्शन प्रणालीत विजेचा पंप होता. आपल्याकडे नव्या शतकाच्या सुरुवातीला प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी कारमधून कार्ब्युरेटरची गच्छंती झाली, आणि १ एप्रिल २०२०च्या बीएस-६ नंतर स्कूटर-मोटारसायकलीतूनही. आता पंप टाकीच्या तळाशीच बसतो आणि पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. ओलं फडकं त्यामुळे कायमचं सुटलं.

‘पेट्रोलमध्ये विजेची मोटर, आणि तीही ठिणग्या पाडणारी?’ हा प्रश्न रास्तच आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच पेट घेते. बंद टाकीत ती याहून कितीतरी जास्त असते, आणि मोटरच्या आत तर हवा नसतेच, तिथं पेट्रोलच भरलेलं असतं. खाली पंपाची चकती, म्हणजे इम्पेलर, पेट्रोल उचलते. ते आर्मेचरच्या भोवतीनं वर जातं आणि वरच्या तोंडातून बाहेर पडतं. जाता जाता मोटर थंड करतं आणि तिच्या बेअरिंगना वंगणही देतं. या मोटरला दुसरं कसलंही कूलिंग नाही, ऑइल नाही. पेट्रोल संपल्यावरही सेल्फ मारत राहणं वाईट ते याचसाठी: कोरडी मोटर स्वतःच्या उष्णतेत भाजते आणि इम्पेलर घासला जातो.

रिझर्व्हवर गाडी चालवली की पंप जळतो, असं सरसकट म्हणतात. त्यात थोडं तथ्य आणि बरीच भीती आहे. आजच्या बहुतेक कारमध्ये पंप टाकीतल्या एका छोट्या डब्यात उभा असतो आणि हा डबा सतत भरता राहील अशी सोय असते, त्यामुळे टाकी पाव असली तरी पंप बुडालेलाच राहतो. त्रास दोन प्रकारे होतो. थोडंच पेट्रोल पुन्हा पुन्हा फिरून तापत राहतं, आणि तळाचा गाळ व पाणी थेट जाळीशी येतं. पावपेक्षा खाली काटा रोज जाऊ देऊ नका, एवढं पुरे. एखाद्या दिवशी गेला तर झोप उडवून घेऊ नका.

आता थोडा हिशेब करू, कारण नव्या मोटरींमागचं सगळं कारण त्यात आहे. समजा पंप ताशी १०० लिटर पेट्रोल ४ बार दाबानं देतो. त्यासाठी लागणारी प्रत्यक्ष शक्ती सुमारे ११ वॅट. पण तो १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढत असेल तर घेतो ६० वॅट. उरलेले ४९ वॅट उष्णता होऊन पेट्रोलमध्येच जातात. शिवाय ताशी ८०च्या वेगानं, लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी तासाला खरोखर जाळते फक्त ५ लिटर. बाकीचे ९५ लिटर उगाच गोल फिरतात! जुन्या पद्धतीत हे उरलेलं पेट्रोल इंजिनापर्यंत जाऊन, तापून, दुसऱ्या नळीनं टाकीत परत यायचं. पहिली सुधारणा झाली ती इथं: दाब राखणारा रेग्युलेटर टाकीतच आणला, परतीची लांब नळी गेली, टाकी थंड राहू लागली.

दुसरी सुधारणा मोटरीतच. साध्या मोटरीत कार्बन ब्रश कम्युटेटरवर घासत वीज देतात, झिजतात, आणि बॅटरी जेवढे व्होल्ट देईल तेवढ्या वेगानं ती धावत सुटते. ब्रशलेस मोटरीत घासणारा भागच नाही. कॉइल बाहेरच्या, स्थिर भागात असतात, चुंबक फिरतं, आणि कोणत्या कॉइलला कधी वीज द्यायची ते इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. त्यामुळे इंजिनाला लागेल तेवढाच वेग ठेवता येतो. सिग्नलला उभे असाल तर मंद, पिकअप मागितला की जलद. वीज वाचते, पेट्रोल तापत नाही, आवाज कमी आणि आयुष्य जास्त. असे पंप आधी महागड्या गाड्यांत आले. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत टाकीतल्या पंपाचा दाब इंजिनाच्या गरजेप्रमाणे सारखा बदलावा लागतो, तिथं तर ते फार सोयीचे. अशा इंजिनांवर कॅमनं चालणारा आणखी एक पंप असतो आणि तो हाच दाब २०० ते ३५० बारपर्यंत नेतो.

तुमच्यासाठी यातला कामाचा धडा वेगळाच आहे. जुना मिस्त्री पंपाच्या दोन वायरी काढून थेट बॅटरीला लावतो आणि ‘बघा, फिरत नाही’ म्हणतो. ब्रशच्या मोटरीला ही तपासणी चालते. ब्रशलेस मोटरीला तीन वायरींतून आळीपाळीनं वीज लागते, थेट बॅटरीवर ती फिरणारच नाही, उलट बिघडू शकते. नियंत्रकासकट येणाऱ्या पंपाला उलटसुलट वायर लागली तर नियंत्रक गेलाच म्हणून समजा. गाडी नवी असेल तर गॅरेजात आधी विचारा, ‘भाई, हा ब्रशवाला आहे की ब्रशलेस?’ उत्तर चटकन आलं नाही तर गाडी दुसरीकडे न्या.

आता इथेनॉल. ज्या विषयावर बडोद्यात सध्या प्रत्येकाचं मत आहे तो हा. कोयलीची रिफायनरी समापासून फार लांब नाही, पण पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल तिथं बनत नाही. ते डिस्टिलऱ्यांतून येतं आणि मग मिसळलं जातं. देशात सरासरी १० टक्क्यांचं मिश्रण जून २०२२ मध्ये गाठलं गेलं, २० टक्क्यांचं म्हणजे ई२० पेट्रोल काही पेट्रोल पंपांवर फेब्रुवारी २०२३ पासून आलं आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र झालं.

‘ई२० मुळे पंपावर लोड येतो’ हे मला पटत नाही. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे ई२०मध्ये ती सहा-सात टक्क्यांनी घटते. तेवढंच जास्त इंधन इंजिनाला लागेल. ज्या पंपाचे ९५ लिटर रिकामे फिरतायत त्याला ५ लिटरऐवजी फार तर साडेपाच लिटर देणं जड नाही. एव्हरेज थोडं पडेल, पंप त्यामुळे मरणार नाही.

त्याला त्रास होतो तो तीन वेगळ्या वाटांनी. इथेनॉल विजेला पेट्रोलपेक्षा बरंच जास्त वाहू देतं, त्यामुळे बुडालेल्या उघड्या तांब्याच्या टर्मिनलांना गंज चढतो. जुन्या पंपातला कम्युटेटर तांब्याचा असायचा. इथेनॉल आणि पेट्रोलमधल्या गंधकाच्या संयुगांमुळे तो खराब होत असे, म्हणून चांगल्या कंपन्यांनी कम्युटेटरच कार्बनचा केला. कार्बन ब्रश, कार्बन कम्युटेटर. बाजारातल्या स्वस्त नकली मोटरीत हाच खर्च वाचवलेला असतो, आणि बाहेरून तो दिसत नाही. दुसरी वाट सफाईची: इथेनॉल जुन्या टाकीतला चिकट थर आणि गंज सोडवतं आणि तो सगळा जाळीवर येऊन बसतो. तिसरी पाण्याची, तिच्याकडे पुराच्या निमित्तानं येऊच.

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग ई२० सोसतील असे असायला हवेत. त्याआधीची गाडी असेल तर कंपनीचं म्हणणं मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणावर पाहा, पंपाबरोबरची जाळी वेळेवर बदला आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल सोडून जाऊ नका. मुलाकडे अमेरिकेला सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या कुटुंबांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं: शेजाऱ्याला किल्ली द्या आणि पंधरा दिवसांनी एकदा गाडी खरोखर फिरवून आणायला सांगा. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवण्यानं फारसं साधत नाही.

इंजिनिअरिंग सुधारणा कधी फसतातही. इम्पेलर हलक्या प्लास्टिकचा करतात. तो आणि त्याच्या घराच्या भिंती यांच्यात केसाहून बारीक फट असते, ती जितकी कमी तितका पंप कार्यक्षम. पण काही वर्षांत बनलेले इम्पेलर अपेक्षेपेक्षा कमी घनतेचे निघाले. त्यांनी पेट्रोल शोषलं, ते फुगले, भिंतीला घासले आणि मोटर अडकली. जगभरात अनेक कंपन्यांना यापायी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये मारुतीनं वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपाच्या तपासणीसाठी बोलावल्या, आणि मार्च २०२४ मध्ये पंपाच्या मोटरीतल्या एका भागासाठी आणखी सुमारे सोळा हजार. होंडानं जून २०२० मध्ये पासष्ट हजारांहून जास्त, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सदोष इम्पेलरसाठी नव्वद हजारांहून जास्त गाड्या बोलावल्या. हा पंप कंपनी फुकट बदलून देते.

म्हणून पंपासाठी खिशात हात घालण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर आपला चेसिस नंबर टाकून पाहा. २०१७ ते २०१९ मधली सेकंड-हँड गाडी घेतली असेल तर नक्कीच, कारण रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असतं आणि तो ते तुम्हाला आणून देत नाही.

सीएनजीवाल्यांसाठी चार ओळी. बडोद्यात सीएनजी गाड्या भरपूर, आणि सीएनजीवर चालते म्हणून पेट्रोलची टाकी कायम तळाशी ठेवण्याची सवयही भरपूर. गाडी सुरू मात्र बहुधा पेट्रोलवरच होते. टाकीत दोन लिटर जुनं पेट्रोल, त्यात ओलावा, त्यात पंप. कंपनी फिटेड गाडीत सीएनजीवर गेल्यावर पंप बंद होतो, पण बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये तो रिकामाच फिरत राहतो. सीएनजीवर चालताना फ्यूजबॉक्समधल्या पंपाच्या रिलेची वीज बंद होते का, हे फिटरकडून एकदा तपासून घ्या. टाकीत पाव तरी पेट्रोल ठेवा, आणि आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

आता पूर. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा समातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्येही गाड्या बुडाल्या. अशा गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान पाणी ओसरल्यावर होतं, मालकानं ‘सुरू होते का बघू’ म्हणून किल्ली फिरवल्यावर. सेल्फ न मारताही नुकसान होतं, कारण किल्ली अर्धी फिरताच पंप दोन-तीन सेकंद चालतो. टाकीत पाणी शिरलं असेल तर ते इंजेक्टरपर्यंत पोचलंच, आणि ओल्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडणीत, वीज गेल्यानं पिना एका रात्रीत हिरव्या पडतात. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारल्यानं झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा धरलं जात नाही, हेही लक्षात असू द्या.

पाणी सीटच्या पातळीपर्यंत आलं असेल तर किल्लीला हात न लावता बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, फोटो काढा, गाडी उचलून न्यायला सांगा. टाकीत पाणी जातं ते वाफेच्या श्वासनळीतून, झाकणाच्या जुन्या रबरातून किंवा पंपाच्या वरच्या सीलमधून. गॅरेजात टाकीच्या तळाचं थोडं इंधन काचेच्या बाटलीत काढायला सांगा आणि अर्धा तास हलवू नका. दोन थर दिसले तर खालचा पाण्याचा. इथेनॉलच्या पेट्रोलची गंमत अशी, की थोडं पाणी ते विरघळवून घेतं. प्रमाण वाढलं की मात्र इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जातं, आणि तळालाच पंपाचं तोंड आहे. अशा वेळी ‘ॲडिटिव्ह टाका, होईल ठीक’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. टाकी उतरवून, कोरडी करून, जाळी आणि फिल्टर बदलूनच गाडी सुरू करायची.

गाडी कुरकुर करत असेल तर लक्षणं नीट सांगता आली पाहिजेत, निम्मं निदान तिथंच होतं. सकाळी पहिला सेल्फ लांबतो, नंतर दिवसभर ठीक? किल्ली अर्धी फिरवून बंद करा, असं तीनदा करा, मग सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर मोटर ठीक आहे, रात्रभर दाब राखणारा छोटा व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. शहरात ठीक, पण हालोलच्या रस्त्यावर ऐंशी-नव्वदच्या पुढे झटके? आधी जाळी आणि फिल्टर पाहा. दुपारच्या ट्रॅफिकमध्ये बंद पडते आणि अर्ध्या तासानं आपोआप सुरू होते? आता मोटरीवर संशय घ्यायला हरकत नाही. गुणगुण मुळीच येत नाही? आधी फ्यूज, मग रिले. त्याच डब्यातला तसाच दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, बदलून पाहायला पाच मिनिटं लागतात. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर भांडण इमोबिलायझरचं आहे. काही गाड्यांत मोठा धक्का बसल्यावर पंप बंद करणारा स्विच असतो, खड्ड्यात आदळल्यावर बंद पडली तर तो आठवा.

आणि रस्त्यातच अडकलात, गुणगुण नाही, फ्यूज ठीक? कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगून टाकीच्या तळाला लाकडी दांड्यानं किंवा हाताच्या मुठीनं दोन-चार हलके ठोके द्या. झिजलेला ब्रश जागेवर बसतो आणि मोटर फिरू लागते. घरापर्यंत पोचाल. पण ठोक्यानं सुरू झालेला पंप मात्र खरोखर संपलेला आहे, तो बदला.

गॅरेजात आग्रह धरा तीन मोजमापांचा. पहिलं, प्रेशर गेज लावून दाब. दुसरं, पंप चालू असताना त्याच्या कपलरवरचे व्होल्ट, आणि त्याच क्षणी बॅटरीवरचे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून बराच जास्त फरक असेल तर दोष वायरिंग, रिले किंवा अर्थिंगचा. ५ अँपिअर जाणाऱ्या वाटेत गंजामुळे ०.२ ओहमचा अडथळा आला तरी पूर्ण १ व्होल्ट खाल्ला जातो, आणि ब्रशची मोटर मंदावली की पेट्रोलचं प्रमाण त्याहून जास्त वेगानं घटतं, कारण दाब तर तेवढाच राखायचा असतो. तिसरं, क्लॅम्प मीटरनं करंट. नेहमीपेक्षा खूप जास्त असेल तर इम्पेलर अडकतोय किंवा पुढचा फिल्टर तुंबलाय. कमी असेल, दाबही कमी आणि व्होल्ट पूर्ण, तर ब्रश झिजले. हे सगळं पाऊण तासाचं काम आहे. त्याचे पैसे मिस्त्रीनं मागितले तर आनंदानं द्या. नुसत्या कानावर विसंबून पंप बदलणारा स्वस्त पडत नाही.

बदलायचाच ठरला तर काम उघड्यावर, पेट्रोल शक्य तितकं कमी करून, बॅटरी सोडवून व्हायला हवं. सोडवण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं की नळीतला दाब उतरतो, नाहीतर पेट्रोलची पिचकारी थेट डोळ्यांत. बिडी, वेल्डिंग, उघडा बल्ब काहीही जवळ नको. बाहेर काढलेली मोटर पेट्रोलमध्ये बुडलेली नसते, तिथं वाफ हवेत मिसळते आणि आधी सांगितलेली दीड ते साडेसात टक्क्यांची मर्यादा अगदी सहज गाठते. घरी, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये हे काम कुणालाच करू देऊ नका.

फक्त मोटर बदलायची की पूर्ण मॉड्यूल, म्हणजे डब्यासकट सगळा संच, हा पैशाचा प्रश्न आहे. टाकी स्वच्छ आणि मॉड्यूलचं प्लास्टिक तडकलेलं नसेल तर नावाजलेल्या कंपनीची मोटर पुरते. पण तिच्याबरोबर जाळी, वरचं रबर सील आणि कपलरच्या पिना नव्या घाला. दाब किती, लिटर किती, हे जुन्या पंपाशी जुळलं पाहिजे. ‘जास्त ताकदीचा’ पंप नको, कारण आपण वर केलेल्या हिशेबात त्याची जास्तीची सगळी ताकद पेट्रोल तापवण्यातच जाते. जुना पंप परत मागून घ्या, आणि बिलावर नव्याचा पार्ट नंबर लिहून घ्यायला विसरू नका.